साडभाऊ, स्कॅनर आणि ढेकळं

अकोल्यातल्या एकूण एक स्कॅनरची इज्जत आमच्या साडभाऊंनी काढलेली आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आहे: वावरात उभी असलेली त्यांची आई. ती खिशात घालून ते स्टुडिओ-स्टुडिओ हिंडतात, स्कॅन करून घेतात आणि आईचा चेहरा सोडून आधी तिच्या पायाखालची माती बघतात. ढेकळं सुटी सुटी दिसली तर स्कॅनर पास! एकानं आपल्या महागड्या मशीनची तारीफ केली, तर म्हणाले, "बाप्पा, हे माती हाय का डांबर? याच्यावर पऱ्हाटी उगवंन का?" अंजनगावला एका साखरपुड्यात कुणीतरी नव्या स्कॅनरचं नाव काढलं, तर हे भरल्या पंगतीतून उठले. नवरदेवाकडचं माणूस रुसलं समजून चौघं मनधरणीला मागे धावली.

त्यांना एकदाचं गप्प करावं म्हणून मी अमरावतीत स्वतःचा स्कॅनर घेतला. त्यात धूळ काढायची सोय होती. मी ती हौसेनं पूर्ण ताकदीनं लावली. माती अशी निघाली, जणू मखमलीचा गालिचा! साडभाऊंनी कपाळावर हात मारला. "तुमी तं वावरच पुसून टाकलं, राजेहो!"

"धूळ होती ती, भाऊ."

"मंग आईलेच इचारू."

थट्टा तिथं संपली. ते वावर केव्हाच चौपदरी रस्त्यात गेलंय, आणि आईला हल्ली पोटचा लेकही ओळखू येत नाही. "माणसं नाही तं नाही, वावर तरी वळखू यावं तिले," एवढ्यासाठी यांची सगळी वणवण चाललेली.

माझ्या स्कॅनरवरचा फोटो आईनं उलटसुलट पाहिला. "कोनाचं हाय हे?" मी साडभाऊंची नजर चुकवली. मग त्यांनी बाळापूरहून करून आणलेला फोटो पुढे केला. आई त्यावर वाकली. मी धूळ म्हणून उडवलेल्या एकेका ठिपक्यावर तिचं बोट फिरू लागलं.

"तन-गवत किती माजलं रे आपल्या वावरात! निंदाले बाया काहून नाही सांगितल्या? ध्यान कुठं रायते तुहं?"

कित्येक महिन्यांनी आई त्यांच्यावर रागावली होती.

"उद्याच सांगतो, माय," साडभाऊ म्हणाले, आणि आणखी बोलणी खायला तिच्याजवळ सरकून बसले.