दापोडकरीण

माझा धाकटा भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. दापोडीहून रिकामा ट्रक चाकणला न्यायचा आणि कांदा भरून आणायचा, हे त्याचं काम. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. खानदेशातल्या सासरहून मी फार दिवसांनी त्याच्याकडे आले होते. आई-वडील गेले होते. आमच्या जुन्या गल्लीत सगळी नवी बिऱ्हाडं. पाण्याच्या नळावर एका बाईनं मलाच विचारलं, "कुणाकडे आलात?" मी इतकी गोंधळले की भावाच्या घराऐवजी आमची जुनी खोली दाखवली. तिथं तीच राहत होती.

त्या गल्लीत माझी एक मैत्रीण होती. भिंतीला भिंत लागून घर. माझं लग्न आधी झालं, तिच्या लग्नाला मला सासरून सोडलं नाही. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पत्राचा प्रश्नच नव्हता. पुढं तिच्या माहेरचे लोकही कोकणात निघून गेले. चाकणच्या पुढं एका गावात दिली, त्या गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं. मला लहानपणी पाहिलेलं, माझ्याशी भांडलेलं माणूस आता ती एकटीच उरली होती. ती भेटायलाच हवी, असा मी हट्ट धरला. भाऊ म्हणाला, "चल ताई, ट्रक रिकामाच चाललाय."

रस्त्यानं माझी आणखीच भंबेरी उडाली. पिंपरीकडून खडीच्या गाड्या येत होत्या. तिकडं कारखाना निघालाय, भाऊ म्हणाला. भोसरी गेली कधी आणि मोशी आली कधी, मला कळलंच नाही. इंद्रायणीवरचा पूल आला तेव्हा मी म्हणाले, "ही पवना ना?" भाऊ असा काही हसला की गाडी डगमगली. हा कालपर्यंत माझ्या कडेवर होता आणि आज मला नद्या शिकवत होता. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

चाकण मागं टाकून गावात पोचलो. देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला मी मैत्रिणीचं नाव सांगितलं.

"आशा नावाची आमच्या गावात कोन न्हाई."

"अहो, आहे. इथंच दिली आहे."

"कुनाच्या घरात? मालकाचं नाव काय?"

तेच तर मला ठाऊक नव्हतं. दुकानात विचारलं, पिठाच्या गिरणीवर विचारलं. सगळे मान हलवायचे. एवढी हसरी, बडबडी मुलगी आणि गावाला पत्ता नाही, म्हणजे काय? माझं डोकं तापलं. आपण भलत्याच गावात आलोय का, अशीही शंका यायला लागली.

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, लग्नात नाव बदललं असंल की तिचं."

तांदळाच्या ताटात अंगठीनं माझंही नाव बदललं होतं आणि हे मला सुचू नये? गिरणीवरची एक म्हातारी आमचं बोलणं ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हायेर कुटलं तिचं?"

"दापोडी."

"मंग दापोडकरीण म्हन की! ती काय, मळ्यात कांदं काटतीया."

मळ्यात बायका ओळीनं बसल्या होत्या. डोक्यावर पदर, माना खाली, हातात विळे. मी बांधावरूनच तिला जुन्या नावानं हाक मारली. एकीनंही मान वर केली नाही. मग माझी नजर ओळीच्या शेवटी गेली. तिथं एक बाई डाव्या हातानं कांद्याची पात कापत होती. त्या डाव्या हातापायी तिनं आईचा किती मार खाल्ला होता! मी धावतच तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"ओळखलंस का?"

तिनं पदर मागं सारून मला न्याहाळलं. सुकली होती, दात पुढं आले होते. मी घाईघाईनं माझं नाव सांगितलं.

"न्हाई बाई. त्या नावाची कुनी वळखीची न्हाई माझ्या."

मागून भावाचा आवाज आला, "ताई, आगं ते सासरचं नाव सांगितलंस तू."

खरंच की. माझं माहेरचं नाव मला पटकन आठवेना. भाऊ ताई म्हणायचा, सासरी धाकटी सून, मग अमक्याची आई. ते नाव उच्चारून किती काळ लोटला होता! शेवटी ते तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच परकं वाटलं.

तिच्या हातातला विळा खाली पडला. कांद्याच्या हातांनीच तिनं माझा चेहरा धरला. डोळे चुरचुरायला लागले, दोघींचेही.

"मगाशी बांधावरनं तूच हाक मारलीस?"

"हो. तू बघितलंसुद्धा नाहीस."

"ऐकली मी. पर मला वाटलं, दुसऱ्या कुनाला बोलवत्यात." मग ती लहानपणी चिंच मागायची तशी म्हणाली, "पुन्यांदा मार की."

मी पुन्हा हाक मारली. या वेळी तिनं ओ दिली.