विमलताई गाडीत बसली तेव्हा

विमलताई गेल्याची बातमी मला शाळेत, वर्ग घेत असताना कळली. तिचा दीर नाचणगावहून पिपरी मेघेला आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, काविळीनं गेली, चला. वाटेत बसमध्ये तो तिचं कौतुक करत होता. वहिनी कशी घर धरून राहायची, कधी कुणाच्या दारात गेली नाही, माहेरचंही वेड नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर त्याला मधेच उतरावं लागलं असतं. आता दीड महिना होऊन गेला, राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना गोड शब्द हवेत त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाजीपाल्याचा मळा असलेल्या घरात दिलेली. आणीबाणी उठली त्या वर्षी तिचं दुसरं बाळंतपण घरीच झालं. मूल अडलं, सुईणीनं ओढून काढलं. मूल जगलं, पण ताई खालून फाटली आणि कुणी टाके घालायला नेलं नाही. जखम भरली, शौचावरचा ताबा मात्र गेला. कळायच्या आत कपडे खराब व्हायचे. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, तिची बाज मागच्या पडवीत हलवली, सासूनं चुलीपाशी यायला बंदी केली. आणि आम्ही माहेरची माणसं? ती आखाजीच्या सणाला येईना, भावाच्या लग्नालाही आली नाही, तर आम्ही ठरवून टाकलं की ताईला मळ्याची श्रीमंती चढली. आई गेली तेव्हा ती दारातूनच परत फिरली, आणि मी तिला तोंडावर म्हटलं, एवढाही वेळ नाही का तुला... हे लिहिताना भाऊजींइतकाच मला माझाही राग येतो.

खरं काय ते मला आठ वर्षांनी कळलं. न कळवता तिच्याकडे गेले होते. मागच्या अंगणात ती एकटी फडकी धूत बसली होती, लपवायला वेळच मिळाला नाही. त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. दुखण्याचं तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. एकच धास्ती होती. मोठी मुलगी शोभा दोन वर्षांत लग्नाची होणार, आणि तिच्या लग्नात आपल्याला मांडवात बसता येणार नाही.

मी तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं बायोफीडबॅक नावाचा उपचार नव्यानं सुरू झाला होता. असं दुखणं घरात लपवून बसलेली एखादी बाई हे वाचत असेल, म्हणून नीट सांगते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. बोटापेक्षा बारीक नळी मागून आत सरकवतात, तिच्या टोकाला लहानसा फुगा असतो. दुखत नाही, लाज मात्र मरणाची वाटते. नळी यंत्राला जोडलेली असते आणि यंत्रावर एक काटा. आतला स्नायू आवळला की काटा चढतो, सोडला की उतरतो. जे आपल्याला दिसत नाही ते काट्यावर बघायचं आणि बघत बघत शिकायचं. फुग्यात थोडी हवा भरतात. जाणवलं की सांगायचं आणि लगेच आवळायचं, पोट न ताठवता, श्वास न कोंडता. अर्धा-पाऊण तास हे चालतं. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात, पण खरी मेहनत घरी, रोजची. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही, आहे त्यापेक्षा बरं होऊ शकेल.

पहिल्या दिवशी ताईनं पोट आवळलं, दात आवळले, काटा जागचा हलला नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडली. तिसऱ्या खेपेला फुग्यात जेमतेम हवा गेली असेल, तिनं माझा हात धरला.

"समजलं, सुमे. आठ वर्षांत पयल्यांदा मले आधी समजलं."

चौथी खेप झालीच नाही. भाऊजी म्हणाले, घराची अब्रू नागपूरला नेऊन मांडायची नाही. आठ वर्षं बायको पडवीत कुजलेली चालली, यंत्र चाललं नाही. ताई भांडली नाही. रोज दुपारी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायचं काम तिच्याकडे होतं. जुडी हातात घेतली की आवळायचं, गाठ बसली की सोडायचं, पुढच्या जुडीला विश्रांती. श्वास कोंडू नये म्हणून ती गुणगुणायची. सासू म्हणायची, एवढं होऊनही हिला गाणी सुचतात. दीड वर्ष हे चाललं. पोट बिघडलं की फजिती व्हायचीच, पण बाकीचे दिवस कोरडे जाऊ लागले.

शोभाचं लग्न आष्टीला, मुलाच्या गावी ठरलं. ठरवलेली एस.टी. दारात उभी होती, बायका चढत होत्या, आणि भाऊजी सगळ्यांदेखत बोलले.

"हिले राहू द्या घरीच. गाडीत घाण केली तं व्याह्यापुढं काय तोंड दाखवाचं?"

जे तिनं दहा वर्षं लपवलं, आईलाही शेवटपर्यंत कळू दिलं नाही, ते या माणसानं चारचौघांत सांगितलं. हळदी रंगाचं नवं पातळ सावरत ताई चढली आणि पुढच्या बाकावर बसली. शेजारी कुणी बसेना, मग मी बसले. आर्वीला गाडी थांबली, सगळे उतरले. मी म्हटलं चल, तिनं मानेनंच नको म्हटलं. ती बाक धरून बसून राहिली... आष्टीला उतरल्यावर ती सरळ भाऊजींपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"पाहून घ्या," म्हणाली, आणि मांडवात लेकीजवळ जाऊन बसली.

त्यानंतर ती दोनच वर्षं जगली. तेरवीला तिची पातळं नातेवाइकांत वाटली, तेव्हा मी ते हळदी मागितलं. भाऊजी डोळे पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, "हेच काऊन?" मी घडी मोडली आणि मागची बाजू त्यांच्यासमोर धरली. ते खाली बघत राहिले. त्यांनी मान वर करेपर्यंत मी तशीच उभी राहिले.