चाकावरची टोपी

ओनोरीन वहिनी वाघाला भ्यायची नाही, कारण आमच्या व्हाँतू डोंगराखालच्या पठारावर वाघच नाहीत. बाकी सगळ्याला भ्यायची. विजेला, गारांना, आणि सगळ्यांत जास्त आमच्या लॅव्हेंडरच्या भट्टीला.

भट्टीचा हंडा दीड पुरुष खोल. कापलेलं लॅव्हेंडर वरून टाकत जायचं आणि एकाने आत उतरून ते पायांनी तुडवायचं, नाहीतर वाफ फटींतून निसटते आणि तेल येत नाही. आत उतरणाऱ्याने आधी आपली टोपी वाफ सोडायच्या चाकावर अडकवायची. टोपी आहे तोवर चाकाला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या आजोबांपासूनचा नियम.

वहिनीचं तेवढ्याने भागत नसे. तिच्या माहेरी तिचा काका असाच हंड्यात राहून वाफेत गेला होता. त्यामुळे वाफ सोडण्याआधी ती एकेकाचं नाव घेऊन हाक मारी आणि ‘ओ’ आल्याशिवाय चाक फिरवू देत नसे.

“वहिनी, हजेरी झाली असेल तर घंटा वाजवू का?” मी चिडवायचो.

“हसा, भावजी. मेलेला माणूस ओ देत नाही.”

त्या जुलैत दुपारी तीनलाच डोंगराचा माथा काळा पडला. फिर्मिनदादा, म्हणजे तिचा नवरा, हंड्यात तुडवत होता. आधीच्या घाण्याच्या वाफेने हंडा तापलेलाच होता. मी काठावर मोठा ढीग रचून दिला, “खाली ओढून घे” म्हणालो आणि शेवटची गाडी आणायला धावलो. वहिनी बाहेर वाळत पडलेल्या पेंढ्यांवर ताडपत्री टाकायला निघाली होती.

परत आलो तेव्हा पत्र्यावर गारा तडतडत होत्या. हंडा काठोकाठ भरलेला, आणि चाकावर टोपी नव्हती. म्हटलं, दादा वर येऊन वहिनीच्या मदतीला गेला. मी साखळीने झाकण खाली सोडलं आणि खिट्ट्या आवळल्या. आज हजेरी नाही, सुटलो, असंही मनात आलं. ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

चाकाचा अर्धा वेढा दिला. नळीत वाफ खाकरली.

तेवढ्यात वहिनी दारात आली, एकटी. भिजलेली, आणि डोक्यावर दादाची टोपी, कानांपर्यंत उतरलेली.

“हे कुठे आहेत?”

“तुझ्याबरोबर ना?”

तिचा हात डोक्याकडे गेला. पहिली गार लागली तेव्हा जी हाताला आली ती टोपी घालून ती पळाली होती. जन्मभर जिला भ्याली, ती चूक तिच्याच हातून झाली होती. ती किंचाळली तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. मी चाक उलटं फिरवलं. खिट्ट्या सोडताना एक तर सापडेचना. शेवटी साखळीने झाकण वर ओढलं. तिने हंड्यात उडी मारली आणि कुत्र्यासारखं दोन्ही हातांनी उकरायला लागली. प्रत्येक मुठीला त्याचं नाव.

हातभर खाली दादा सापडला. उष्म्याने घेरी येऊन पडला होता, आणि ढीग त्याच्यावर घसरला होता. एक टाच भाजली होती. मिशीत निळी फुलं अडकली होती. बऱ्याच वेळाने तो खोकला, आणि तेव्हाच वहिनी त्याचं नाव घ्यायची थांबली.

त्यानंतर तिने डोक्यावर कधी काही घातलं नाही, भर उन्हातसुद्धा. आणि हजेरी मी घेऊ लागलो. समोर उभ्या असलेल्यालाही ओ द्यायला लावतो.

बारा वर्षांनी दादा गेला, घरच्या पलंगावर, झोपेत. त्याला चर्चमागे पुरलं. पुढच्या हंगामातल्या पहिल्या घाण्याला माझ्या तोंडून सवयीने हाक गेली, “फिर्मिनदादा!”

ओ आली नाही. हात चाकावर होता, पण फिरेना. मला माहीत होतं तो कुठे आहे, तरी फिरेना.

वहिनी जवळ आली. तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला.

“ते चर्चमागे आहेत, भावजी. आत्ताच बघून आले. फिरवा.”