बारा सेकंदांचं नाव

राडेमानबाईंशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस मी आमच्या बर्लिनच्या स्टुडिओत पाहिला नाही. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर फिल्मचे जोड चिकटवत होते. बाई संकलनात पटाईत आणि जिभेने तिखट.

एकोणीसशे चव्वेचाळीस साली, युद्ध चालू असताना, आम्ही एक खुनाचा सिनेमा जोडत होतो. त्यात खुनी घड्याळजी झालेला नट एमिल क्वास्ट खानावळीत नाझी सरकारवर एक विनोद बोलून गेला, आणि तेवढ्यापायी त्याचं डोकं उडवलं. लगेच मंत्रालयाचा हुकूम: त्याची सगळी दृश्यं कापा, तुकडे आमच्याकडे पाठवा. तिथे तुकडे वजनावर मोजून घेत. बाईंनी तेवढ्याच वजनाची दुसऱ्या कुठल्या सिनेमाची रद्दी पाठवली आणि क्वास्टचा डबा आपल्या बागेच्या तुकड्यात, मुळ्याच्या वाफ्याखाली पुरला. सापडला असता तर त्यांचंही डोकं गेलं असतं.

युद्ध संपलं, सिनेमा अर्धाच राहिला. सेहेचाळीसात श्टोल्पे नावाचे नवे साहेब आले. म्हणाले, "लोकांना करमणूक हवीय. पुरा करा. खुन्याची दृश्यं दुसरा नट घेऊन काढू."

"दुसरा कशाला? खुनी माझ्या मुळ्याखाली आहे," बाई म्हणाल्या.

तुकडे पाहून साहेब खूश झाले. पण नामावलीत क्वास्टचं नाव नको म्हणाले. "लोक विचारतील, हल्ली कुठे असतो हा? कशाला उगाच?"

"विचारू देत की! उत्तर येत नाही का तुम्हाला?" बाईंनी पांढरे हातमोजे काढून टेबलावर आपटले. "जोडा मग तुमचं तुम्ही."

तुकड्यांवरचे आकडे मातीच्या ओलीने पुसले गेले होते. कुठला तुकडा कुठे, हे फक्त बाईंना ठाऊक. चौथ्या दिवशी साहेब मुकाट्याने त्यांच्या बागेत गेले.

"बरं बाई, घाला नाव. पण सगळ्यांत शेवटी, अन् बारीक अक्षरांत."

"चालेल."

बाई इतक्या पटकन कबूल झाल्या, तेव्हाच मला शंका आली.

पहिल्या खेळाला थिएटर बर्फासारखं गार होतं. सगळे कोट-टोप्या घालूनच बसले होते. नामावली सुरू झाली. नायक चार सेकंद, नायिका चार सेकंद. मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत एकटंच नाव आलं, एमिल क्वास्ट, आणि ते जाईचना.

"अडकली की काय फिल्म?" मागून कोणीतरी ओरडलं. "कोण हा टिकोजीराव?"

श्टोल्पेसाहेब बाईंच्या कानाशी फुसफुसले, "किती वेळ ठेवलंत हे?"

"बारा सेकंद. तुम्ही अक्षरांचं बोलला होतात, वेळेचं नाही."

मला इतका आनंद झाला की मी बाईंचा हात घट्ट धरला.

तिसऱ्या रांगेत क्वास्टची बायको उठून उभी राहिली. मागे वळून म्हणाली, "माझा नवरा. एका विनोदापायी मारला त्याला."

ओरडणाऱ्याने टोपी काढली. सिनेमा पुढे सुरू झाला तरी ती उभीच होती, आणि मागच्या रांगेतून एकानेही तिला खाली बसा म्हटलं नाही.