बदलीवाल्याचे खाडे

"नाही लागला नंबर? चलो, मग दिवस आपला!"

एवढं बोलून तो दोन बोटं कपाळाला लावायचा, सायकल वळवायचा आणि शीळ घालत निघून जायचा. सकाळी सात वाजता. बुटांना पॉलिश, शर्टाला कडक इस्त्री. त्याचे आजोबा महूच्या पलटणीत होते म्हणे, ती शिस्त. आता तुम्हीच सांगा, ज्याला दारातून परत पाठवलं तो माणूस शीळ कसा काय घालतो? मला तर तेव्हाच वाटलं, दाल में कुछ काला है.

इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात मी हजेरी लिहायचो. खिडकीच्या आत मी, बाहेर बदलीवाले. एखादा पर्मनंट कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदलीवाला आत घ्यायचा. बाकीच्यांनी घरी जायचं. जाताना ते मला शिव्या द्यायचे, आणि ते मला समजायचं. हा मात्र हसायचा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही दुधाकडे बघता तेसुद्धा पाणी शोधायलाच."

पण माझ्या संशयाला कारण होतं आणि ते मी तिलाही सांगितलेलं नव्हतं. बदलीवाल्याचे ठरावीक दिवस सलग भरले की त्याला पर्मनंट करावं लागे. ते भरत आले की वरून निरोप यायचा, "जरा बघून घ्या." मग जागा रिकामी असूनही मी "नंबर नाही" म्हणून सांगायचो आणि मस्टरवर त्याच्या नावापुढे खाडा मांडायचो. म्हणजे कागदावर तो आलाच नाही. आणि तो तर माझ्या नाकासमोर उभा असायचा, बुटांना पॉलिश करून! नऊ-दहा वर्षं मी हे केलं. पोटासाठी केलं, पण हात माझाच होता. त्यामुळे तो हसला की मला वाटायचं, याला कळलंय. हा एक दिवस भर चौकात माझं पितळ उघडं पाडणार.

मग एके दिवशी गेटवर नोटीस लागली. टीव्हीवर रोज नवा जमाना येतोय म्हणून सांगत होते, आणि इथे शहरातल्या मिल एकेक करून बंद पडत होत्या. त्यात आमचीही चिमणी थंड झाली. मी घरी बसलो. दाढी नाही, अंघोळ दुपारी बाराला, आणि भाजीत मीठ कमी पडलं की बायकोवर आरडाओरडा. एकदा तर ताट सरकवून दिलं. लाज वाटते सांगताना.

आठवड्याभरात सकाळी सातला दारात सायकलची घंटी वाजली. हाच!

"साहेबजी, हजेरी घ्यायला चला. दहा-बारा जण गेटसमोरच्या कडुनिंबाखाली नुसतेच बसून आहेत. येताना वही आणा."

वही कशाला? सगळ्यांसमोर बसवून जुने खाडे काढणार की काय? मी म्हटलं, "अरे, मिल बंद आहे!"

"मिल बंद आहे. सकाळ थोडीच बंद आहे? दाढी करून घ्या, मी थांबतो."

मी गेलो. कशाला? त्याच्यावर नजर ठेवायला. दुसरं काही कारण नव्हतं, खोटं कशाला बोलू?

कडुनिंबाखाली सगळे पर्मनंटवाले, मयताला आल्यासारखे बसलेले. त्याने मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाला, "नावापुढे मिलमधलं खातं नका लिहू, साहेबजी. हे लिहा की याला येतं काय."

पहिलाच माणूस म्हणाला, "मला काय येतं भिया? तुटलेलं सूत जोडायचं, बस."

"म्हणजे बोटं चालतात!" तो ओरडला, आणि त्या माणसाला सायकलवर डबलसीट घेऊन थेट अन्नपूर्णा मंदिरासमोरच्या फुलवाल्याकडे गेला. महिन्याभरात त्या माणसाचे हार सगळ्यांच्या आधी संपायला लागले. बॉयलरवर ओरडून ओरडून एकाचा आवाज दणदणीत झाला होता. त्याला त्याने लालबागच्या मेळ्यात मौत का कुआँच्या दाराशी उभा केला, माणसं बोलवायला. सगळंच जमलं असं नाही हं. मिलच्या गेटवरच्या एका जमादाराला कुल्फीची गाडी लावून दिली, तर त्याने पोरांना रांगेत उभं करून असा दम भरला की चार दिवसांत धंदा बसला. त्यावर हा पोट धरून हसला आणि त्याला एका शाळेत चौकीदार लावून दिला. तिथे रांगा लागतच होत्या.

हे सगळं करून याला काय मिळतं, हाच किडा माझ्या डोक्यात वळवळत होता. चहावाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "कमिशन घेतो का रे हा?"

तो म्हणाला, "कमिशन? अरे बाबूजी, वो तो सबको काम पे भेज के आखिर में पूछता है, मेरे लिए कुछ बचा क्या?"

माझा विश्वास बसला नाही. एका दुपारी मी त्याच्या मागे लालबागला गेलो. पुढच्या मेळ्याची मांडामांड चालू होती. वेड्यावाकड्या आरशांच्या तंबूआड लपून पाहिलं, तर हा शिडीवर चढून पाटी रंगवत होता. माझ्या बाजूच्या आरशात माझं डोकं भोपळ्याएवढं झालेलं. तेच त्याला वरून दिसलं.

"साहेबजी! लपता कशाला? या, शिडी धरा."

मी शिडी धरली. आणि मग राहवलंच नाही. "तुला माझ्याकडून हवंय तरी काय?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "खाड्यांबद्दल विचारता ना? मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी रोज येतो आणि मस्टरमध्ये नसतो, कळणार नाही का?"

शिडी सोडून पळावंसं वाटलं. वर तो होता, म्हणून घट्ट धरली.

"ही पाटी रंगवणं तुमच्या खाड्यांमध्येच शिकलो. खुर्ची विणणं, स्टोव्ह दुरुस्त करणं, सगळं. तुम्ही दिलेले दिवस फुकट नाही घालवले."

हे आभार होते की टोमणा? मी वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पण ऊन डोळ्यांवर येत होतं. खरं सांगतो, मला आजही ठरवता आलेलं नाही.

"राग नाही आला तुला?"

"आला ना! घरी जाऊन भांडी फेकली. बायको पोराला घेऊन दोन महिने माहेरी राहिली. तेव्हा समजलं, एकट्याने खाडा काढणं फार वाईट असतं, साहेबजी. नोटीस लागली तेव्हा पहिले तुम्हीच आठवलात. म्हटलं, या माणसाला तर एकाही खाड्याची सवय नाही."

पाटी रंगवून होईपर्यंत मी शिडी धरून राहिलो. घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, ताटाची माफी मागितली. ती रडली. मीही रडलो.

पुढे कडुनिंबाखालची माणसं पांगत गेली. मलाही एका शाळेत कारकुनी मिळाली. पण शाळेच्या आधी अर्धा तास मी वही घेऊन ओट्यावर जायचोच. तो असायचा, आणि कुठल्या तरी दुसऱ्या बंद पडलेल्या मिलमधले दोघे-तिघे नवे चेहरे असायचे. त्याचं नाव मी सगळ्यांत शेवटी लिहायचो, कारण तो शेवटीच सांगायचा.

एका सोमवारी तो आला नाही. मी वही मिटली आणि शाळेत गेलो. मंगळवारीही नाही. मनात आलंच, आपला स्वभाव: लागला असेल कुठे चांगल्या जागी, आता कशाला येतो! बुधवारीही ओट्यावर दिसला नाही, तेव्हा मात्र शाळा बुडवून त्याचं घर शोधत गेलो. दारात माणसं बसली होती. रविवारी जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. पॉलिश केलेले बूट खाटेखाली तसेच होते.

घरी येऊन वही उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. त्याच्या नावापुढे माझ्या हाताने सवयीने खाडे मांडले होते. इतक्या वर्षांत त्याचे मी मांडलेले तेवढे तीनच खरे होते.