‘पण’च्या पुढचं नाव

“उकंडी.”

गुरुजीनं हजेरीत हे नाव घेतलं की पोरं आधीच नाक दाबून बसत. मी उभी राहून “हजर जी” म्हटलं की गुरुजी झाडूकडं बोट दाखवे. “नावाले जागलं पाहिजे.” रोज. चौथीपर्यंत त्या वर्गाचा कचरा मीच झाडला अन् मीच नेऊन टाकला.

उकंडा म्हणजे शेणाकचऱ्याचा ढीग. माह्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून मी झाली तशी मायनं मले सुपात घालून उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या काकीनं उचललं अन् मूठभर तांदूळ घेऊन मायले परत दिलं. फेकलेल्या लेकराकडं मरण पाहत नाही, अशी आमच्याकडची समज. शाळेत टाकाच्या दिवशी ते नाव काढाचं अन् खरं नाव सांगाचं. खरं नाव मायनं मनात ठेवलं होतं. त्या आधीच ती गेली. जाताना बाबाच्या कानात सांगून गेली.

बाबा ढिवर. तलावात मासे धरे. चपला हातात घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला.

“काय नाव?”

“उकंडी म्हणतो जी, पण...”

गुरुजीनं लिहून टाकलं होतं. “झालं. जा.”

त्या ‘पण’च्या पुढं माहं नाव होतं.

त्याच दिवशी पाटलाचं पोरगं आलं. पाटलाचंही आधीचं एक लेकरू गेलं होतं, म्हणून याले सारं गाव भिक्या म्हणे. पाटलाले खुर्ची भेटली, चहा भेटला. गुरुजीनं विचारलं, “शाळेतलं नाव काय ठेवाचं, पाटीलसाहेब?” भिक्या दारातच राहिला अन् भूषण वर्गात गेला. रीत एकच होती राजेहो. एकाचं नाव पुसलं, एकीचं कोरलं.

बाबाले मी लय वेळा विचारलं. “विसरलो,” म्हणे. खोटं. जे नाव कोणी घेणारच नाही, ते सांगून पोरीले कायले रडवाचं, असं त्याले वाटलं असन. मले त्याचा रागही येते अन् कीवही. मग तोही गेला. आता ते नाव कोणालेच माहीत नाही. भरदुपारी तलावाच्या पाळीवरून जाताना मागून कोणी हाक मारते. मान वळते. आवाज मायचा असते, नाव ऐकू येत नाही.

मार्कशीट, रेशनकार्ड, आधार, सारीकडं उकंडी. मीही तशीच झाली. खाली पाहणारी. कोणी काही म्हणाच्या आधी झाडू उचलणारी.

आता लाखांदूरकडच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहो. मागच्या साली धानाचे रोवणे आटोपल्यावर एक ढिवराची बाई पोरगी घेऊन आली. तालुक्याच्या सुपरवायझर मॅडम बाजूले खुर्चीवर बसल्या होत्या.

मी विचारलं, “काय नाव?”

“फेकी म्हणतो जी, पण...”

फेकी लिहूनही झालं होतं. माह्याच हातानं. गुरुजी कधीचा मरून गेला, अन् त्याचा हात माह्या मनगटात येऊन बसला होता.

“पण काय, बाई?” मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “राहू द्या हो. यांच्यात अशीच नावं असतात. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.”

“बाईचं बोलणं व्हाचं आहे, मॅडम. थांबा.”

असं मी जन्मात कोणाले म्हटलं नव्हतं. बाई एकदा मॅडमकडं पाहे, एकदा माह्याकडं. मग हळूच बोलली, “चांदणी.”

मी फेकीवर आडवी रेघ मारली. वर चांदणी लिहिलं.

“मेमो देईन मी,” मॅडम म्हणाल्या.

“द्या.”

मेमो आला. ठेवला आहे. लोक म्हणतात, राजपत्रात तुहं नाव तरी बदलून घे. काय ठेवू? कोणतंही ठेवलं तरी ते मायचं नसन. माहं नाव मले भेटणार नाही, हे मी कबूल केलं आहे. पण नोकरी राहो का जावो, माह्या रजिस्टरवर कोणाच्या पोरीचं नाव ‘पण’च्या आधी थांबणार नाही. थांबलं, तर खोडीन. खोडल्याच्या बाजूले सही लागते. तिथं ठळक लिहीन, उकंडी.