मामांची भट्टी पाडायची राहिली

नव्या विजेच्या भट्टीतला पहिलाच घाणा भाच्याने जाळला. माहितीपत्रक वाचत बसलो तर मामा टिंगल करतील, या धास्तीने त्याने बटण सरळ शेवटपर्यंत फिरवलं. पाव बाहेर आले ते काळेठिक्कर.

मामांनी एक उचलून ट्रेवर वाजवून पाहिला. "कोळसा बंद करा म्हणून गावभर सांगत फिरतोस, आणि माझ्याच बेकरीत कोळशाचा कारखाना काढलास?"

भाचा पर्यावरण खात्यात अर्थतज्ज्ञ. लाकूड-कोळशाच्या धुरावर कर बसवायचा आणि त्यातून बेकरीवाल्यांना विजेच्या भट्ट्या द्यायच्या, ही योजना त्याच्याच डोक्यातली. अट एकच, जुनी भट्टी पाडायची. नाहीतर लोक नवी भट्टी मिरवतात आणि लाकडंही जाळतात. महिनाअखेरीस जुनी पडली नाही, तर मामांची नवी भट्टी परत जाणार होती.

मामा म्हणजे शिळा पाव मागणाऱ्याला 'शिळा संपला' असं धडधडीत खोटं सांगून त्याच भावात ताजा देणारा माणूस. धुराने खोकून बेजार झालेले, तरी पाडकामाचं नाव काढलं की टाळाटाळ. कधी गवंडी मिळेना, कधी कंबर धरली. एकदा तर म्हणाले, "आज भट्टीचा मूड बरा नाही रे."

शेवटी धुळीची आगाऊ सूचना द्यायला भाचा शेजारच्या शिंपीणकाकूंकडे गेला. काकू भट्टीच्या भिंतीला पाठ लावून मशीन चालवत होत्या.

"ये, टेक इथे," त्या म्हणाल्या. "या भिंतीच्या उबेमुळे माझी बोटं थंडीतही वळतात. दुकान बंद करताना तुझे मामा एक ओंडका जास्तीचा टाकतात. मला कळत नाही असं वाटतं त्यांना!"

भाचा परत आला. नवी भट्टी ऐन भरात होती, पण बाहेरून हात लावला तर गारच. याच गुणावर खात्यात तिची निवड झाली होती.

"मामा, आधी बोलायचं ना! काकूंना मी हीटर आणून देतो."

"मी दिला होता. 'विजेचं बिल वाढेल' म्हणून बाईंनी परत पाठवला. भिंतीचं बिल येत नाही, म्हणून टेकतात बिचाऱ्या."

"अहो मामा, पण तुमचा खोकला बघा! नवी भट्टी हातची जाईल. जुनी पाडणार तरी कधी तुम्ही?"

मामांनी एक ओंडका आत सारला.

"थंडी संपल्यावर."